चौदा ओळींचा मालक

प्रिय मित्र निंबा यास,

बमरोलीहून धुडकूचा रामराम. इकडे मी, कमल आणि पोरं खुशाल आहोत. आबांचा अर्धांगाचा हात आता कितपत उचलतो ते कळव, शोभाबाई वहिनींना माझा नमस्कार सांग. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू दोनदा 'हो ना' म्हणतोस आणि तुझ्या सेवा केंद्रात दाखल्याचं गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस. व्हॉट्सॲपवर मी पानभर लिहितो, तर तू नुसता अंगठा पाठवतोस. (या पत्राला अंगठा आला तर तू बी.एस्सी. आहेस हे मी विसरेन.) बाकी, पत्राला खास कारण असं काही नाही.

गेल्या रविवारी सुरतेत प्रोग्रामिंगची कॉन्फरन्स झाली. प्रोग्राम लिहिणारी दोनशे माणसं एका हॉलमध्ये! आबांच्या आजारपणात तू दोन महिन्यांसाठी म्हणून एरंडोलला गेलास त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत आपल्या त्या कामाच्या खोलीत माझ्याशी कॉम्प्युटरबद्दल बोललेला माणूस एकच, इन्व्हर्टरवाला भाईदास, आणि तोही 'बंद करीने चालू करो' एवढंच बोलतो. म्हणून म्हटलं, जाऊन यावं. कमलने लग्नाला घालायचा शर्ट इस्त्री करून दिला. फॉर्ममध्ये कंपनीचं नाव विचारलं होतं. आपली कसली कंपनी? मी आपला राहता भाग, बमरोली, लिहिला. तेच छापून त्यांनी गळ्यात अडकवलं. पुण्याच्या वत्सलाताई म्हणून होत्या (त्यांचं भाषण सगळ्यांत गाजलं), त्यांनी अगदी आदराने विचारलं, बमरोली काय करते? मी म्हटलं, मुख्यतः कापड, दोन पाळ्यांत, चोवीस तास. किती माणसं? म्हटलं, मोजली नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं, मग मलाही खुलासा करवेना.

पुढे प्रत्येकाने उभं राहून ओळख करून द्यायची होती. पोरं फटाफट काय काय सांगत होती, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. आता मी माईकवर आयुष्यात एकदाच बोललेलो, भाची चंचलसाठी समाजाच्या वधू-वर मेळाव्यात. माईक हातात आला आणि तोंड आपोआप त्याच रुळावर गेलं. नाव धुडकू, मूळ गाव पारोळा, मामाचं गाव साक्री, हल्ली मुक्काम बमरोली, उंची... उंचीपाशी माझं मलाच कळलं. जमीन दुभंगायची वाट बघत होतो, तेवढ्यात मागून एक हजीऱ्याच्या कारखान्यातला तरणाताठा गडी उठून ओरडला, "दादा, मी बी साक्रीना शे!" हा गजेंद्र. त्याच्यानंतरच्या पोराने सांगितलं, "मारुं मोसाळ अमरेली." मग काय, जो उठेल तो आधी मामाचं गाव सांगायला लागला. चहाच्या वेळेला दोनशे अनोळखी माणसं एकमेकांचं आजोळ शोधत फिरत होती. आयोजक मंडळी म्हणाली, इतक्या वर्षांत अशी ओळख झाली नव्हती. (उंची मात्र कुणी सांगितली नाही.)

जेवणानंतर गजेंद्रने माझा लॅपटॉप उघडायला लावला. मी आपला कारखान्याच्या हजेरीचा प्रोग्राम दाखवला. रातपाळीचा माणूस आज रात्री आठला येतो आणि उद्या सकाळी आठला जातो, मधे तारीख बदलते, म्हणून मशीन त्याला दोन्ही दिवस गैरहजर धरायचं, आठवतं? त्यावरचा तो चौदा ओळींचा तुकडा वत्सलाताईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, किती साधं, किती सुंदर, कुणी लिहिलं? मी नम्रपणे गप्प राहिलो.

निंबा, वाईट एवढंच की मला फार मजा आली. शेजारी दोन पोरं एका ओळीवरून भांडत होती, चहा निवला तरी भान नाही. आपण असेच भांडायचो. मी माझा चहा हातात धरून त्यांचंच ऐकत बसलो आणि मला तुझी इतकी आठवण आली की उठून बाहेर गेलो. घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं, मग जेवायला काय होतं ते विचारलं. तिचं काही चुकलं नाही. पण सोमवारी सकाळी प्रोग्राम उघडला आणि पहिल्यांदाच ती खोली मला मोठी वाटली.

असो. आबांच्या पाया पडतो, पोरांना पापा.

तुझा,
धुडकू

ता. क. वर नम्रपणे गप्प राहिलो असं लिहिलंय, ते खोटं आहे. 'मीच लिहिलं' असं म्हणालो. माफ कर.

आणखी एक. त्यामुळे आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, इथल्या मंडळींच्या बैठकीत, त्या चौदा ओळी मला समजावून सांगायच्या आहेत. पैकी सातवी ओळ तिथे का आहे हे मला समजत नाही. काढली तर सगळ्या रातपाळीची हजेरी जाते. तेव्हा तू यावंस, ही विनंती. वक्त्यांत मी तुझं नाव देऊन ठेवलंय, कंपनी बमरोली.

शेवटचं. सातवी ओळ मला परवाच समजली. तरी ये.