दादाच्या हातचे पैलू

प्रिय दादा,

आज वहिनीनं एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. भांडायचं तुझ्याशी आहे, आणि तू तर संक्रांतीच्या आधीच निघून गेलास. म्हणून हे पत्र.

शकीलभाई आठवतात ना, गेट-रेलिंगवाले? सकाळी वाळूजच्या दुकानात आले आणि मी दिलेले ड्रिल बिट टेबलावर टाकले. लोखंडात अडकलं की बिट ड्रिलच्या पकडीत, चकातच गरगर फिरतं, म्हणाले. तू बिटाच्या गोल दांडीला तीन बाजूंनी सपाट पैलू घासून द्यायचास, चकाचे तीन जबडे त्यांवर घट्ट बसायचे. मी घासतो तेव्हा एक पैलू खोल जातो, एक उथळ. मग बिट डुगडुगतं, नाहीतर निसटतं. "इसमें भाई का हाथ नहीं है," एवढं बोलून ते गेले. असं एकेक गिऱ्हाईक तुटत चाललं आहे, दादा. दुकान टिकेल की नाही याचीच धास्ती आहे.

राग मला तुझाच आला. शिकवलं का नाहीस? घासायचे बिट तू डब्यात भरून रांजणगावच्या घरी न्यायचास. इथल्या गोंगाटात जमत नाही म्हणायचास. मला वाटायचं, हा सख्ख्या भावापासून हुन्नर लपवतोय. दुपारी घरी जाऊन वहिनीसमोर मी हे सगळं ओकून टाकलं.

ती कणीक मळत होती. हात धुऊन आली, माझ्या पिशवीतलं एक बिट उचललं आणि मागच्या पडवीत तुझ्या छोट्या ग्राइंडरपुढं बसली. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, बोटानं चाचपायचं. मी ते घरच्या ड्रिलच्या चकात लावून पाहिलं. जरासुद्धा हललं नाही!

"भाऊजी, त्यांचे हात लई कापायचे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी समदे बिट मीच घासले. तुम्हाला सांगायचं नाय, अशी शप्पथ घातली होती त्यांनी."

दादा, तू बशी न उचलता वाकून बशीतला चहा प्यायचास आणि मी तुला म्हातारा म्हणून चिडवायचो. तू हसायचास! एकदा तरी म्हणायचंस ना, की बाळ्या, हात ऐकत नाहीत. गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं असतं मी. हात कापण्याचा आणि तुला घेऊन गेलेल्या छातीतल्या त्या कळेचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणतात. नसेलही. पण तपासलं असतं तर काहीतरी कळलं असतं, हे डोक्यातून जात नाही. माझ्यापुढं कसली रे लाज?

वहिनीला मी दुकानात यायला सांगितलंय. ती तयार आहे. फक्त म्हणते, लोकांना काही कळू देऊ नका, नाव त्यांचंच राहू द्या.

तिचं अर्धंच ऐकणार आहे मी. तुझे हात कापायचे हे माझ्या तोंडून कधीच बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द. पण शकीलभाई नवं बिट चकात आवळून "हा तर भाईंचाच हात" म्हणतील, तेव्हा मी गप्प बसणार नाही. वहिनीकडं बोट दाखवीन आणि सांगेन, हा हिचा हात आहे, आधीही हिचाच होता. रागावलास तरी चालेल.

तुझा,
बाळू