ठाकुर्लीकडे वळणारी चाकं

बाळकुम, ठाणे
शुक्रवार, सकाळ

माननीय व्याहीबुवा गुणाजीराव यांस,

आमचे हात इथूनच नाशिकच्या दिशेने जोडलेले आहेत असं समजावं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं देवयानीने कळवलं. (आमच्या लेकीला जर्मनीत बसून नाशिकची बातमी आमच्या आधी कळते.) आमची सौ. हेमा ठणठणीत आहे. माझं कसं आहे, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुमचा नील देवयानीला घेऊन सहा महिन्यांसाठी जर्मनीला जाताना त्याची ती दोन सीटची पिवळी स्पोर्ट्स कार माझ्या स्वाधीन करून गेला. आठवड्यातून एकदा चालू करा, एवढंच त्याचं सांगणं. पण मी तेहतीस वर्षं पॉलिटेक्निकला यंत्रशास्त्र शिकवलेला माणूस. रुंद अलॉय चाकं आणि चांगले टायर घातले की गाडी वेगळीच होते, हा नीलचा दावा. मोठं चाक जड असतं, ते फिरवायलाच इंजिनाचा जोर खर्ची पडतो, हा माझा. लग्नाच्या पंगतीपासून चाललेल्या या वादाचा तो परत यायच्या आत प्रयोगाने निकाल लावावा, म्हणून मी विठ्ठलवाडीला भिवाच्या गॅरेजात गेलो आणि मूळ चाकं देऊन त्या बदल्यात सतरा इंची जुनी अलॉय बसवून घेतली. (होय, नीलला न विचारता. रागवायचं ते शेवटी एकदमच रागवा.)

निष्कर्ष असा: सिग्नल सुटल्यावर गाडी पूर्वीपेक्षा सुस्त निघते, म्हणजे माझं बरोबर. वळणावर मात्र रस्त्याला अशी चिकटते की माझा चष्मा एका कानावरून निसटला, म्हणजे नीलचंही बरोबर. आणि गतिरोधकावर हेमाचा अंबाडा छताला लागला, तो आम्हा दोघांच्याही हिशेबात नव्हता.

इथपर्यंत सगळं विज्ञानात बसत होतं.

एका गुरुवारी बँकेत हयातीचा दाखला द्यायला कल्याणला निघालो होतो. ठाकुर्लीपाशी स्टिअरिंग माझ्या हातात आपोआप डावीकडच्या एका गल्लीकडे वळू लागलं. हिसका नाही, धक्का नाही. कुणीतरी हळूच हात धरून न्यावं तसं. मी ओढून सरळ केलं. परत येताना त्याच जागी ते उजवीकडे वळलं, म्हणजे त्याच गल्लीकडे. चाकांची अलाइनमेंट बिघडली असती तर गाडी एकाच अंगाला ओढायला हवी होती. भिवाने दोनदा मशीनवर लावून पाहिली, आकडे चोख. "काका, रुंद टायर चाकोरी धरतो. रस्त्यात घळ असेल तिथं," तो म्हणाला. हे शास्त्राला धरूनच होतं. म्हणून मी पुढच्या गुरुवारी लोकलने ठाकुर्लीला जाऊन तो रस्ता वाकून तपासला. नवाकोरा काँक्रीटचा. घळ सोडा, साधी चीर नव्हती.

त्याच्या पुढच्या गुरुवारी, दुपारी चारच्या लख्ख उन्हात, मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि स्टिअरिंगवर नुसती बोटं टेकवली. गाडी त्या गल्लीत शिरली. पिठाच्या गिरणीवरून वळली, पुन्हा एकदा वळली आणि एका बैठ्या घरासमोर आली. फाटक उघडं होतं. सत्तरीच्या एक बाई ते धरून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चाकांकडे बघत म्हणाल्या, "आज उशीर केलास गं."

गुणाजीराव, माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. (आता तिथे फार उरलेले नाहीत, पण जे आहेत ते.)

मग त्या भानावर आल्या, ओशाळल्या, आणि मला चहाला बसवलं. नाव कलावतीबाई. उर्वी ही त्यांची एकुलती एक लेक. मैदानात शंकू मांडून त्यांच्यामधून गाडी काढायच्या स्पर्धा असतात, त्यात ती भाग घ्यायची. ही चाकं तिने स्वतः निवडलेली. गुरुवारी तिला सुट्टी, सराव करून चारला घरी यायची. तीन वर्षांपूर्वी गेली. गाडीने नाही, तापाने. गाडी विकली, चाकं कुठे गेली ते यांना ठाऊक नाही. "टायरचा आवाज मी ओळखते. ती गेल्यापासून दारात आलेली ही तिसरी गाडी," त्या म्हणाल्या. "आधीचे दोघं घाबरून चहा न घेताच गेले."

घाबरलो तर मीही होतो. पण कप हातात होता.

भिवाला जाब विचारला. तो खाली बघत म्हणाला, "दोघांनी चाकं परत आणून टाकली, काका. कारण सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही सायन्सवाले, तुम्हाला काय होतंय!"

मी चाकं परत केली नाहीत. काल चौथ्यांदा त्यांच्याकडे गेलो आणि कलावतीबाईंना शेजारच्या सीटवर बसवून कल्याणपर्यंत नेऊन आणलं. व्याहीबुवा, गाडी अशी धावली की काय सांगू! स्टिअरिंग लोण्यासारखं, सिग्नलला सुस्ती नाही, गतिरोधकावरून अलगद. पत्रीपुलाच्या वळणावर बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अस्संच घ्यायची ती." मला पुढचा रस्ता जरा धूसर दिसू लागला, म्हणून गाडी बाजूला घेतली.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
त्र्यंबक

ता.क. नील पंधरा तारखेला येतोय. मूळ चाकं भिवाकडून कधीच कुणाच्या तरी गाडीला लागली आहेत. तेव्हा कृपा करून तुमचा गुडघा महिनाभर जास्त दुखू द्यावा आणि चिरंजीवांना विमानतळावरून थेट नाशिकला बोलावून घ्यावं. त्याला खरं मीच सांगेन, पण समोर बसून, आणि त्याला ठाकुर्लीला नेऊन आणल्यावर.

ता.ता.क. हे पत्र हेमाने वाचलं. ती म्हणते, एका गुरुवारी ती शेजारी बसली होती तेव्हा तिने नीट पाहिलं: स्टिअरिंग वळत नव्हतं, माझे हातच वळवत होते. मी विचारलं, मग पहिल्यांदा ते घर मला सापडलं कसं? तिने पत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "येत्या गुरुवारी त्यांना नुसतं कल्याणपर्यंत फिरवून घरी सोडू नका. त्यांना जेवायलाच घेऊन या इकडे. गुरुवारचं मी रिक्षाने फिरेन, सीट दोनच आहेत."