टेबलाच्या खणातलं पत्र

८ जानेवारी
महादेवी आली होती. बेचाळीस वर्षांची. स्तनाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, आता लिव्हरमध्ये डाग. आज कुटुंबाचा तक्ता काढला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी असेल तो काळा करायचा. आई पोटात पाणी होऊन गेली, अंडाशयाची गाठच असणार, काळा गोल. थोरली बहीण अडतिसाव्या वर्षी गाठीनं गेली, काळा. ही स्वतः, काळा. भाऊ शिवप्पा धडधाकट, चौकोन कोरा. आजार माहेरच्या रक्तातून उतरतोय हे दिसतंच आहे. पुण्याच्या तपासणी केंद्राला पत्र लिहिलं. रक्त आधी हिचं तपासायचं, मग मुलीचं.
तर म्हणे, "पत्र र्‍हाऊ द्या बाई. सुवर्णीचं लगीन ठरलंय. पुण्याला गेलं की गावभर हुतंय."
ओरडले तिच्यावर. तिनं माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. पोरीला काही सांगायचं नाही. लग्न कधी, विचारलं. मार्चात.
पत्र खणात टाकलं. सगळ्या सोलापूरला दम देणारी मी, इथं विरघळले.

१६ जाने.
गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीनं पेशंट कमी. पत्र दोनदा काढून वाचलं. दोन महिन्यांत काय बिघडतंय, असं स्वतःला सांगतेय. सांगावं लागतंय, म्हणजे पटलेलं नाही.

३ फेब्रु.
महादेवी केमोला. सोबत सुवर्णा, बावीस वर्षांची, तोंडाला खीळ नाही. "बाई, तुमी आला न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई बगा." मी हसले. म. माझ्याकडे बघत होती, एकसारखी.

२० फेब्रु.
पत्रिका आली, हळदीची बोटं लावलेली. नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव वाचलं आणि बसूनच राहिले. शिवप्पा. माझा कोरा चौकोन.
फोन केला. "मुलगा तुझ्या भावाचा?"
"व्हय की. परक्यात दिली असती तर इचारलं असतं, आजी कशानं गेली, मावशी कशानं गेली. मामाच्या घरात कोण इचारतंय?"
सव्वीस वर्षं या गावात प्रॅक्टिस. मामाच्या घरी दिलेल्या किती मुली तपासल्या, मोजदाद नाही. येईल त्या जोडप्याला पहिला प्रश्न, नात्यात दिलीय का? आणि हिला विचारलं फक्त 'कधी'. 'कुणाशी' विचारलंच नाही. लाज वाटते.

२१ फेब्रु.
बोलावून घेतलं. तक्ता पुढं ठेवला. आजार न होताही पुरुष रक्तातला हा दोष पुढं देऊ शकतो, म्हटलं. शिवप्पाकडे असेल तर त्याच्या मुलाकडे असू शकेल. सुवर्णाकडेही असेल तर लेकराला दोन्हीकडून येऊ शकेल, ते फार वाईट. असेलच असं नाही, पण आधी कळायला हवं. हिचं रक्त तपासल्याशिवाय पुढं कुणाचं नीट सांगता येणार नाही.
तिनं कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हंजे झाकायला म्हनून दिली आन् तितंच घातली व्हय मी तिला?"
लग्न पुढं ढकल, म्हटलं. नाही. पत्रिका वाटून झाल्यात. निदान रक्त आज दे. तेही नाही, कुणी बघितलं तर? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला, शब्द दिला तिनं. मी घेतला. पुन्हा.

९ मार्च
दुधनीला लग्नाला जाऊन आले. म. खुर्चीत, हिरवं इरकल, डोळे पिवळे. हळदीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मुलगा गुणी दिसतो, सासूला हाताला धरून जेवायला नेत होता. अक्षता मीही टाकल्या.

१० मार्च
म. पुण्याऐवजी ॲडमिट. शुद्ध नाही. घरचे म्हणतात, लग्नाचा शीण. रक्त घेऊन ठेवायचं तर तिची संमती कुठून आणू? घरच्यांकडे मागायची तर सगळं सांगावं लागतं. डोक्यावरचा तो हात आठवला. उद्या बघू म्हटलं.

११ मार्च
पहाटे गेली महादेवी.
रक्त राहिलं.

२ एप्रिल
सुवर्णा आली, एकटी. गळ्यात नवं मंगळसूत्र, चेहरा पार उतरलेला. "अव्वा लग्नाच्या आदल्या दिवशी म्हनाली हुती, बाईंकडं माझं पत्र हाय, मी गेले की मागून घे. काय हाय त्यात?"
म्हणजे शपथ तिनंच सोडवून ठेवली होती. आणि मी दहा तारखेला हात बांधून बसले.
खण उघडला. पत्रावर आईचं नाव. ते आता कशाला लागणार? नवं लिहावं लागेल, दोघांच्या नावानं. आईचं रक्त नाही, तर उत्तरही अर्धवट येईल. म्हटलं, उद्या नवऱ्याला घेऊन ये, दोघांना एकदमच सांगते. तपासणीचा निकाल येईपर्यंत मूल नको.
"घरी सगळ्यांना घाई हाय बाई," म्हणाली. मग दारात थांबली. "अव्वाला ठावं हुतं?"
"हो."
"आन् तुमाला?"
उद्या अकराला येणार आहेत दोघं. सुरुवात त्या प्रश्नापासूनच करावी लागेल.