कडेचा उंदीर

३ मार्च

गेंडा टबात बसून अंघोळ करतोय. डोक्यावर फेस, आणि चेहरा मात्र मुलाखतीला आल्यासारखा! आज असे नऊ गेंडे चौकटीवर ताणले. छापलेला कॅनव्हास टेबलावर पालथा घालायचा, वर लाकडी चौकट ठेवायची, चारी बाजूंची जास्तीची कड मागे दुमडायची, स्टेपल मारायच्या. ती कड भिंतीकडे जाते. कुणाच्या बापाला दिसत नाही.

नवव्या गेंड्याची खालची कड दुमडली आणि तिथे उंदीर. नखाएवढा. हातात हिरवी बॅग, बॅगेला दोरी बांधलेली. आधीचे आठ उलटवून पाहिले. सगळ्यांना होता! एकाच्या शेपटीतून मी स्टेपल मारून मोकळी झाले होते. वाईट वाटलं.

४ मार्च

मालकांना सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर फाइल उघडली. तिथे उंदीर उलटा — पाय वर, डोकं खाली. "चुकून पडला असेल. मागे जाणारं कोण बघतं?"

चुकून पडलेल्याला मिश्या नसतात.

१२ मार्च

नवं चित्र. जिराफ न्हाव्याकडे बसलाय, गळ्याभोवतीचा टॉवेल संपतच नाही. कडेला तोच उंदीर, बस स्टॉपवर. फाइलमध्ये पुन्हा उलटा.

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. कड मागे दुमडली की उलटा सुलटा होतो. आणि तोही फक्त पाठीमागून बघणाऱ्याला. म्हणजे चौकट ताणणाऱ्याला. म्हणजे मला!

घरी दादाला सांगितलं. "उंदीर शोधायचा पगार वेगळा देतात का?" म्हणाला. त्याला काय कळतंय.

१३ मार्च

माझ्यासाठी आजवर कुणी इतकं उलटं झालेलं नाही.

२० मार्च

ही चित्रं काढतं कोण? मालकांनाही ठाऊक नाही. तीन महिन्यांपूर्वी ईमेल आला, खाली सही 'पेन्सिल'. अट एकच — छपाई आणि चौकट याच दुकानात व्हायला हवी. शिवाय प्रत्येक चित्राची एक तयार प्रत रंग तपासायला पोस्टाने पाठवायची. मालक म्हणे, "कलाकार माणसं. आपण कशाला खोलात जा."

मी जाते ना खोलात! आज पाठवायची होती ती प्रत छत्रीवाल्या बगळ्याची. (उंदीर बसच्या खिडकीत.) चौकटीच्या आतल्या पट्टीवर पेन्सिलीने एक बिस्कीट काढलं. खाली लिहिलं — 'प्रवासात खा.' कुणाला बोलले नाही.

४ एप्रिल

उत्तर आलं!! गाय सायकल शिकतेय, आणि मागच्या कडेला उंदीर बॅगेवर बसून बिस्कीट खातोय. बॅगेवर चुरा सांडलाय. दिवसभर हसू येत होतं. मालकांनी दोनदा विचारलं, काय झालं.

११ एप्रिल

आज हसू नाही.

फुगे विकणारा साळिंदर. (एकही फुगा फुटलेला नाही, तेच मोठं कौतुक.) कडेला उंदीर एका स्टुलासमोर उभा. बॅग खाली ठेवलीय, हात मागे बांधलेत. स्टुलाचा एक पाय तारेने बांधलेला, तीनदा गुंडाळून.

मी उठून माझ्या स्टुलाकडे पाहिलं. तीच तार. तेच तीन वेढे.

चित्रातल्या स्टुलावर कासव बसलंय आणि त्याच्या ओठांत बारीक खिळे धरलेत. मी खिळे वापरत नाही. माझ्याकडे स्टेपल गन आहे. दहा महिन्यांपूर्वीपर्यंत या स्टुलावर जे बसायचे ते तोंडात खिळे धरून काम करायचे, म्हणून अख्खं दुकान त्यांना खिळेकाका म्हणायचं.

उंदीर माझ्याकडे येतच नव्हता. आणि बिस्कीट मी दिलं!

१२ एप्रिल

मालकांना विचारलं, खिळेकाकांना कोण कोण आहे? "एक मुलगी. सहा वर्षं बोलणं नाही. चित्रं काढायची." मग स्वतःचं वाक्य स्वतःलाच ऐकू आल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. काका डोळ्यांमुळे काम सोडून गेले, हे 'पेन्सिल'ला कुणी कळवलंच नव्हतं. कशाला कळवतील?

तिला वाटतंय, बाबांनी उत्तर दिलं. दुसऱ्याच्या घरात घुसून त्याच्या आवाजात बोलल्यासारखं वाटतंय मला.

१३ एप्रिल

काकांकडे गेले. खराब निघालेल्या प्रतींच्या कडा कापून नेल्या होत्या. ओळीने मांडल्या — बॅग, स्टॉप, बस, बिस्कीट, स्टूल. काकांनी भिंग घेतलं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. एकेका पट्टीवर इतका वेळ थांबत होते की माझा चहा गार झाला.

बॅगेपाशी म्हणाले, "दोरी मी बांधून दिली होती. ती निघाली त्या दिवशी. कडी तुटली होती."

भांडण कशावरून झालं, मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ अशीच.

"तिनं गेंडा काढला होता, छत्री घेतलेला. मी म्हटलं, याच्यासाठी भिंतीत कोण खिळा ठोकणार?"

बिस्किटाचं कबूल केलं. मान खाली घालून ऐकून घ्यायची तयारी होती. काका एवढंच म्हणाले, "मी असतो तर मला सुचलं नसतं." ते जास्त लागलं.

"तुम्ही लिहा ना तिला."

"सहा वर्षांनी काय लिहू?" आणि पट्ट्या गोळा करून माझ्या हातात परत दिल्या.

१६ एप्रिल

हत्ती दोरीच्या उड्या मारतोय. कडेला उंदराने बॅग उचललीय. स्टुलाकडे पाठ. अर्धा कडेबाहेर गेलाय, शेपूट तेवढी आत.

स्टुलाच्या चित्राला उत्तर गेलंच नाही, आता ती शेवटची वाट बघतेय. उद्या प्रत पोस्टात टाकायची. पुन्हा बिस्कीट काढायची माझी हिंमत नाही. काकांना फोन केला, शेपटीचं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

१७ एप्रिल

दुकान उघडायला आले तर पायरीवर काका. "हत्ती कुठाय?"

स्वतः स्टुलावर बसले. तोंडात खिळे, हातात जुनी हातोडी. बोटांनी चाचपत कड दुमडली. एक खिळा वाकडा गेला, उपटला, पुन्हा मारला. मालक दारात उभे राहून बघत होते. मग काकांनी माझी पेन्सिल मागितली आणि माझ्याकडे पाठ करून चौकटीच्या आतल्या पट्टीवर काहीतरी लिहिलं.

मी मुळीच बघितलं नाही.

(बघितलं. कागदात गुंडाळताना. 'ये.' एवढंच. अक्षर वाकडं.)

२९ एप्रिल

रोज काका येऊन बसतात. निमित्त काहीही — हातोडी विसरली, तार सैल झाली. आज नवी फाइल आली. मांजर स्वेटर विणतंय, लोकर स्वतःच्याच शेपटीची. कडा पाहिल्या, चारही. फाइल उलटीसुलटी केली, मोठी केली. कोरी कड. नुसता निळा रंग. उंदीर नाही.

काकांनी विचारलं, "आलं का काही?"

"अजून नाही," म्हटलं. खोटं बोलले.

३० एप्रिल

काका मांजर ताणत होते. एक बाई दारात येऊन उभी राहिली. हातात हिरवी बॅग, बॅगेला दोरी. काकांनी मान वर केली. तोंडात खिळे होते, बोलता येईना. मी त्यांच्या तोंडासमोर ओंजळ धरली.