उजवीकडची कोरी जागा

३ फेब्रुवारी
लागलो एकदाचा कामाला! चित्रसंग्रहालयात राखणदार. ताईने शब्द टाकला म्हणून जमलं, नाहीतर आठवी नापास माणसाला कोण विचारतं? शुद्धलेखन सुधारावं म्हणून रोज चार ओळी लिहायच्या, ही तिचीच अट. वही कामावर नेली तरी चालते. माझ्या दालनात एकच चित्र आहे, भिंतभर. नुसते उभे पट्टे. मोहरीचा पिवळा, विटेचा लाल, शेवाळी, शेवटी राखाडी. पिवळ्याशेजारी लाल पेटल्यासारखा दिसतो. शेवाळीकडून पाहिलं की तोच विझतो. उजवीकडे थोडी जागा कोरी सोडली आहे. समोर माझी खुर्ची. नवा निळा गणवेश अंगाला छान बसतो.

७ फेब्रुवारी
नुसतं बसून माणूस इतका दमतो? घरी घास उचलायचाही कंटाळा येतो. साहेब म्हणाले, नव्या माणसाला रंग चढायला वेळ लागतो. आधीच्या राखणदाराचं विचारलं, तर म्हणाले, बिचारा पांढराफटक पडला होता, मग यायचाच थांबला. तेव्हा गणवेश राखाडी असायचा म्हणे.

१२ फेब्रुवारी
सदरा विटला. ताई म्हणाली, धोब्याकडे सदरा दिला होतास की स्वतःच गेला होतास? आई हसली नाही. म्हणाली, पोराच्या चेहऱ्याचा रंगच उडालाय. चित्रात राखाडीशेजारी, कोऱ्या जागेत, निळी रेघ आहे. आधी नव्हती.

१५ फेब्रुवारी
आज खुर्ची फिरवून चित्राकडे पाठ करून बसलो. घरी सदरा काढला. पुढून विटका, तरी निळा. पाठ पांढरी. निळ्या रेघेचा पट्टा झाला आहे.

१८ फेब्रुवारी
नोकरी सोडतो म्हणालो. ताई भडकली. नुसतं बसायचं, तेही जमेना? माझं नाक कापणार तू! उद्या स्वतः येऊन बघते म्हणाली. येऊ नकोस म्हणालो, पण आवाजात दमच नव्हता —

१९ फेब्रुवारी
आली. अंगात तिने विणलेला जांभळा स्वेटर. मला म्हणाली, तोंडावर पाणी मारून ये, तोवर मी बसते. नळापर्यंत पाय ओढत — परत यायला उशीर —

ती खुर्चीतच. किती गोड रंग आहे रे, म्हणते. पुन्हा तेच म्हणते.

निळ्याशेजारी जांभळी रेघ. ओली.

ओढलं तिला. उठत नाही. माझ्या हातात जोरच — स्वेटर पांढरा — पांढऱ्याला अनुस्वार असतो ना, ताई —

बघते माझ्याकडे. तिचे डोळे — कोणत्या रं