लाकडाच्या शहरातला पाडवा

१२ नोव्हें. २०१२, सोम. हिगाशी-कसाई, तोक्यो

ठाण्याहून येऊन आठवडा झाला. गेल्या वर्षी मार्चमधल्या भूकंपानंतर कपाटांना मीच लावलेल्या खिट्ट्या अजून तशाच आहेत. अनिने त्या काढल्याही नाहीत आणि वापरल्याही नाहीत. दीड वर्षाच्या वर हा माणूस एका तव्यावर आणि कोपऱ्यावरच्या कॉन्बिनी दुकानातल्या ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या गोळ्यांवर, जगलाय. वर म्हणतो, "मस्त चाललंय माझं." दिसतंयच.

लिफ्टमध्ये शिरताना छातीत अजून धडधड होते. पण शिरते.

दुपारी आईचा फोन. "मीनू, काय ठरलं गं तुमचं?" म्हटलं, दिवाळी तर होऊ दे. ठरायचं एवढंच आहे की अनिचं पोस्टिंग आणखी तीन वर्षांनी वाढलंय. मी परत इथे राहायला येणार, की ठाण्यातली शाळेची नोकरी धरून तिथेच राहणार? त्याच्या बँकेला पुढच्या सोमवारी सांगायचंय. बायको येणार असेल तर हे घर, नाहीतर साहेबांची रवानगी एका खोलीत.

अनि विचारत नाही. एकदाही नाही. त्याचा राग येतो, आणि बरंही वाटतं.

१३ नोव्हें., मंगळ. लक्ष्मीपूजन

पूजा झाली. चकल्या तळताना मोडल्या, चव बरी. डबा भरला. निरांजन, फुलवाती, छोटं ताम्हन रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. उद्या पाडवा आणि उद्याच क्योतोला निघायचं. कुठेही असू, ओवाळायचं राहायला नको. मागच्या पाडव्याला मी ठाण्यात, हा इथे. स्काइपवर ओवाळलं होतं, लॅपटॉपला! सासूबाई मागून म्हणाल्या, जरा लांबून गं, स्क्रीन जळेल.

तीन वर्षं एकत्र होतो तेव्हा क्योतो 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत राहिलं ते राहिलंच. आता अनिने आपण होऊन रजा टाकली, बुकिंग केलं. "तिकडे इतके हादरे नसतात," एवढंच बोलला. मोठा आला आमिष दाखवणारा.

१४ नोव्हें., बुध. पाडवा. क्योतो

काय काय लिहू. हात दुखेपर्यंत लिहिलं तरी पुरणार नाही.

आधी फुजी. शिंकान्सेनच्या, त्या बुलेट ट्रेनच्या, खिडकीत अचानक अख्खा उभा राहिला. ढग नाही, काही नाही. शेजारच्या सूटवाल्याने लॅपटॉप मिटला, फुजी मागे जाईपर्यंत बघितलं आणि परत उघडला. मी नकळत हात जोडले होते. अनि हसला नाही.

उतरलोय ते एका गल्लीतल्या लाकडी घरात. चार-पाच खोल्या. मालकीणबाई मोरिता-सान, साठीच्या पुढच्या, पाठ ताठ. गल्ली इतकी अरुंद की दोन बाजूंच्या पागोळ्या एकमेकींत पडाव्यात. सगळी घरं लाकूड आणि कागद. प्रत्येक दारात एक लाल बादली, पाण्याने काठोकाठ. मला वाटलं सडा घालायला. अनि म्हणाला, आग लागली तर म्हणून. एका दारात नाही, सगळ्या गल्लीभर!

आणि हे माहीत असून मी जे केलं ते केलं.

संध्याकाळी खोलीत अनिला उशीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. निरांजन लावलं. एकदा ओवाळते न ओवाळते तोच जिन्यात पावलं वाजली. तुपाचा वास खाली गेला असावा. दार सरकलं आणि मोरिता-सानचा चेहरा पांढराफटक. आवाज चढवला नाही, पण "हि! हि!" (आग! आग!) असं दोनदा म्हणाल्या. अनि उभा राहून कमरेत वाकायला लागला, कपाळावरच्या अक्षता चटईवर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चटई गवताची, दारं कागदाची, आणि मध्ये मी ज्योत घेऊन उभी. हे असं करायला आमच्यासारखेच हवेत.

मोरिता-सान म्हणाल्या, विझवा. अनि म्हणाला, मीनू, विझव. आणि माझ्याच्याने विझवेना. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं आणि त्याच्याच तोंडासमोर फुंकर मारायची? या वर्षी? डोळ्यांत पाणीच आलं एकदम. म्हटलं, "अनि, सांग त्यांना, हे फुंकत नाहीत. आपोआप शांत होऊ देतात."

त्याने सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे, बराच वेळ लागला. त्यांनी विचारलं, हे कशासाठी करतात? अनि लाजला. "माझ्यासाठी," म्हणाला.

मोरिता-सान निरांजनाकडे बघत राहिल्या. मग आम्हांला खाली घेऊन गेल्या, मी पुढे ताम्हन धरून, जीव मुठीत. मागे स्वयंपाकघर, जमीन मातीची, छप्पर उंच, काळं झालेलं. चुलीच्या वर भिंतीवर एक कागद, आगीपासून सांभाळणाऱ्या देवाचा. म्हणाल्या, घरात आगीची जागा ही. इथे करा. दारातली बादली उचलून आणली, माझ्या शेजारी ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. "दोझो." करा आता.

मातीवर उभं राहून ओवाळलं. अनिला हसू आवरेना, मला रडू. ओवाळणी म्हणून त्याने खिशातून काय काढलं असेल? क्योतोच्या बसचा दिवसभराचा पास!

वात संपेपर्यंत तिघं तिथेच बसलो. चकल्या काढल्या. मोरिता-सानना आवडल्या, मोडक्या जास्त. त्यांना विचारलं (अनि मध्ये दुभाषी), बादली रोज भरता? रोज सकाळी जुनं पाणी झाडांना, नवीन भरायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून. कधी लागली का आग? नाही. मग भीती नाही वाटत? त्या हसल्या. वाटते की, म्हणून तर भरते.

मग त्यांनी अनिला विचारलं, तुम्ही दोघं तोक्योला राहता ना? त्याने माझ्याकडे न बघता "हाय" म्हटलं, म्हणजे हो. तेवढं जपानी मला येतं. मी चकली चावत राहिले.

वात शांत झाली तशा मोरिता-सान वाकल्या. निरांजनाला.

१५ नोव्हें., गुरु. क्योतो

पाय गेले. डोळे भरलेत.

सकाळी स्टेशनजवळचं मोठं देऊळ. इतकं मोठं लाकूड मी जन्मात पाहिलं नाही. खांबाला आम्ही दोघांनी मिळून मिठी मारली असती तरी हात पोचले नसते (मारली नाही. इथे कुणी मारत नाही). पुन्हा पुन्हा जळालेलं, पुन्हा पुन्हा बांधलेलं. शेवटी बांधताना हे ओंडके ओढायला दोर टिकेनात, तुटायचे. तेव्हा गावोगावच्या बायकांनी केस कापून दिले. त्या केसांचे दोर वळले. एक वेटोळं काचेत ठेवलंय. माझ्या मनगटाहून जाड, काळं, मध्ये मध्ये पांढरं. म्हणजे म्हाताऱ्यांनीही दिले.

तिथून हलताच येईना. केस म्हणजे आपल्याकडे काय काय. न्हायला घातलेले, गजरा माळलेले, सक्तीने काढलेले. कापून देवळाला, तेही ओझं ओढायला! मार्चनंतर ठाण्यात माझे पुंजक्या-पुंजक्याने गळत होते. आई फणी लपवून ठेवायची, मला दिसू नये म्हणून. त्या काचेसमोर उभी राहून मी वेणीवरून हात फिरवत होते ते अनिने पाहिलं. पाण्याची बाटली दिली. त्याला असंच जमतं.

दुपारी हजार मूर्तींचा लांबच लांब दिवाणखाना. कानोन, करुणेची देवी, माणसाएवढी, सोनेरी, आणि ती हजार वेळा. रांगांमागे रांगा. आत शिरल्या शिरल्या तोंडातून "अगं आई गं" निघालं, मोठ्याने. लोकांनी पाहिलं. पाहू देत. हजार जणी एका बाजूला आणि मी एकटी चपला काढून समोर, अशी वेळ कुणावरही यावी एकदा. पुढच्या रांगेत आपलेच देव! वायू, इंद्र, वीणेसारखं काहीतरी घेतलेली सरस्वती. किती समुद्र, किती डोंगर ओलांडून आलेत आणि इथे थंडीत न कुरकुरता उभे आहेत. मला तर नऊ तासांच्या विमानाने पित्त होतं.

इथे म्हणे ज्याला भेटावंसं वाटतं त्याचा चेहरा या हजारांत सापडतो. अनि एका टोकाला गेला, मी दुसऱ्या. बऱ्याच वेळाने तो आला. "सापडलीस. मागून तिसरी रांग, खांबाच्या उजवीकडे. रुसलेली." जाऊन पाहिलं. खरंच रुसलेली होती. किती छान होती पण.

मला कुणाचा सापडला ते मी त्याला सांगितलं नाही.

१६ नोव्हें., शुक्र. परतीची गाडी

सकाळी सहाला जाग. खाली दार सरकल्याचा आवाज, मग झाडांना पाणी, मग नळ. झोपून ऐकत राहिले.

डोंगरावरच्या देवळाचा लाकडी सज्जा. दरीवर निघालेला, खाली खांबांचं जंगल, एकात एक अडकवलेलं. वर शंभरेक माणसं उभी, खाली मेपलची झाडं लालभडक पेटलेली. माझ्या मनात पहिला प्रश्न काय यावा? हे हललं तर? दीड वर्षात कुठेही गेले की आधी वर बघते, मग दार शोधते. इथेही शोधलं. पण मग विसरले. खरंच विसरले! दरीतून वारा आला, पानं उडाली, आणि मी किती वेळ नुसती कठड्याला टेकून उभी होते. परत ध्यानात आलं तेव्हा आधी हसू आलं, मग बिचकायला झालं.

निघताना मोरिता-सान दारात. पुढच्या वर्षी पाडवा कधी, विचारलं. जागा ठेवीन म्हणाल्या, खालची. अनिने मान डोलावली. मी पण. शिष्टाचार म्हणून की काय, मलाच कळेना.

गाडीत विचारलं त्याला, जे इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. "भूकंप झाला त्या दिवशी ऑफिसातून घरी चालत आलास. वाटेत काय करत होतास?"

आधी टाळलं. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "गाड्या बंद. सगळे रांगेने चालत होते, कुणी बोलत नव्हतं. फोन लागत नव्हता. मोठ्या नदीच्या पुलावर आलो आणि पाय उचलेना. पलीकडे गेल्यावर काय दिसेल, या भीतीने. उभाच राहिलो."

"मला नाही बोललास कधी."

"तू खाली बागेत बसली होतीस, एकाच पायात सपात. तुझं बघून माझं काय सांगायचं?"

मला इतके दिवस वाटत होतं, भ्यायले ती मी एकटीच. हा आपला दुसऱ्या दिवशी टाय लावून कामाला गेला, तसाच वर्षभर जात राहिला, म्हणजे दगड आहे. किती राग धरला होता त्याचा.

१७ नोव्हें., शनि. हिगाशी-कसाई

कपडे, धुणं. दुपारी छोटासा हादरा. दिवा हलला, खिट्ट्या वाजल्या. मी टेबलाखाली. वर बघते तर अनि शेजारी, तोही टेबलाखाली, हातात कणकेचा गोळा. थांबल्यावरही कुणी लवकर बाहेर येईना.

क्योतोने मला बरं केलं असं काही नाही. भीती आहे तिथेच आहे.

१८ नोव्हें., रवि.

सकाळी म्हटलं, चल, तू त्या दिवशी चाललास तो रस्ता दाखव. "वेडी आहेस का?" म्हणाला आणि बूट घालायला लागला.

त्याच्या ऑफिसपासून निघालो. ऊन छान. वाटेतली पहिली, लहान नदी कधी ओलांडली कळलं नाही. मग दुकानं, कालवे, शाळेच्या मैदानात पोरांचं बेसबॉल. अनि मध्येच दाखवायचा, इथे लोकांनी दारात पाणी आणून ठेवलं होतं, इथे एक बाई घराचं दार उघडून सगळ्यांना सूप देत होती. हे सगळं त्याच्याजवळ होतं. इतके दिवस.

मोठी नदी. पूल किती लांब! मध्यावर आलो आणि एक ट्रक गेला. अख्खा पूल हलला. मी कठडा दोन्ही हातांनी धरला. अनि माझ्या मागे उभा राहिला, वाऱ्याच्या बाजूने.

"इथेच," म्हणाला. "इथेच उभा होतो."

पलीकडे आमच्या इमारती दिसत होत्या. अंधारात त्या कशा दिसल्या असतील त्याला, दिवे नसताना. मला तो इतका आवडला त्या वेळी, की काही सुचेना.

मग त्याने विचारलं. सरळ. "मीनू, उद्या काय सांगू मी?"

म्हटलं, "थांब. आधी पूल संपू दे."

हात धरून चाललो. आणखी ट्रक गेले. पूल हलत होता, आम्ही चालत होतो. पूल संपला, बाग आली, इमारत आली, लिफ्टही आली. त्याने परत विचारलं नाही. या वेळी राग आला नाही मला. कारण विचारून झालंय, आता पाळी माझी आहे.

आत चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज. आलं किसतोय, जास्तच किसतोय, घाबरला की असंच करतो. हे आज कळलं.

त्याने हाक मारली. जाते. सांगते त्याला, हेच घर राहू दे.