सासूबाईंची दाढ आणि माझं वक्तृत्व

प्रिय साडूभाऊ,

गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (त्याखाली कंबर जात नाही, जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून ती तिथंच अडकली आहे.) तुमची तब्येत, ताईंचा खोकला आणि गच्चीवरची तुमची लाडकी रोपं, सगळं ठीक असेलच. तुमच्यासारखा समंजस, मोठ्या मनाचा आणि पाहुण्याला कधी नाही न म्हणणारा माणूस आमच्या सासरच्या गोतावळ्यात दुसरा नाही. हे मी एरवीही म्हणत असतो. आज लिहायचा योग आला, इतकंच.

तर बातमी अशी, की मी वक्तृत्व शिकतोय! हसू नका. हीही हसली, आणि तिचं हसणं अजून पुरतं थांबलेलं नाही. सासूबाई आमच्याकडे आल्यापासून त्यांची उजवी दाढ दुखतेय आणि दाताचा डॉक्टर असलेल्या जावयाला त्या ती बघूसुद्धा देत नाहीत. एवढ्यावर भागलं असतं तर अपमान गिळला असता. पण घरात करमत नाही म्हणून त्या दिवसभर माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसतात, सुजलेल्या गालाला फडकं बांधून. येणारा पेशंट विचारतो, आजी, तुम्हीही दाखवायला? त्या म्हणतात, छे हो, मी डॉक्टरांची सासू. मग पेशंट एकदा त्यांच्या गालाकडे बघतो, एकदा माझ्या पाटीकडे, आणि घरी गॅस चालू राहिल्याचं त्याला अचानक आठवतं. असंच चाललं तर पाटी उतरवावी लागेल. त्यात सूज रोज वाढतेय, ती काळजी वेगळीच. (सासूची झाली तरी दाढ ती दाढ.) म्हणून त्यांना पटवायला वक्तृत्वाचा वर्ग लावला.

मला वाटायचं, पटवून देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आजवर माझ्या एकाही मताला कोणी विरोध केलेला नाही. वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी या यशाचं कारण लगेच शोधून काढलं: माझ्या श्रोत्यांच्या तोंडात माझेच दोन हात असतात. तरीही माझी प्रगती बघून त्या थक्क झाल्या. प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट न बघता पुढं जावं, ही युक्ती बाकीच्यांना काही केल्या जमेना. मी उभ्या हयातीत दुसरं काही केलेलं नाही. घोडं अडलं ते वादविवादात. विमा विकणाऱ्या एका बाईंनी माझा मुद्दा सरळ खोडून काढला. भूल न दिलेला माणूस उलट बोलतो, हा अनुभवच मला नवा. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आता चूळ भरा."

पण शिकलो, साडूभाऊ! ऐकणाऱ्याचा विश्वास मिळवा, त्याच्या काळजाला हात घाला, मग कारणं द्या. परवा भरल्या दवाखान्यात मी सासूबाईंसमोर उभा राहिलो आणि एका माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं दाढेकडे काणाडोळा केला, आणि स्वतःच्या निरोपसमारंभात बिचाऱ्याला आभाराचा एक शब्द बोलता आला नाही. आवाज कुठं उतरवायचा, कुठं थांबायचं, सगळं जमून आलं. पार्सल द्यायला आलेला माणूस सही घ्यायची विसरून थेट खुर्चीत जाऊन बसला. बायकोला सोबत म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी आपणहून आ करून वर्षानुवर्षं लपवलेली कीड दाखवली. माझा स्वतःचाही हात आपसूक गालावर गेला.

सासूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "जावईबापू, पटलं मला. दाढ काढलीच पाहिजे."

मी हातमोजे चढवले.

"पण ती तुम्हीच का काढायची, ते सांगायचं राहिलं."

साडूभाऊ, विश्वास, काळीज, कारणं, तिन्ही कप्पे चाचपले; या प्रश्नाचं उत्तर एकातही नव्हतं. हातमोजे घातलेले हात हवेत धरून मी तसाच उभा. तेवढ्यात आतल्या दारातून ही म्हणाली, "भरा आता चूळ."

वर्गातल्या बाईंचं म्हणणं, भाषण फसलं असं म्हणता येणार नाही. श्रोत्याला पटलं, फक्त भलतंच पटलं. काय पटवायचं ते आधी ठरवा, हा म्हणे पहिलाच धडा. त्या दिवशी मी उशिरा पोचलो होतो.

ताईंना नमस्कार, रोपांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा जावई (पदावर अजून आहे)

ता. क. सासूबाई रविवारी तुमच्याकडे येताहेत. तुमच्या गल्लीतल्या त्या दातांच्या डॉक्टरांकडून दाढ काढून घ्या आणि सूज उतरेपर्यंत सासूबाईंना ठेवून घ्या. इथं मी सांगेन, लेकीच्या ओढीनं गेल्या. (मन मोठं वगैरे वर जे लिहिलंय, ते कृपया पुन्हा एकदा वाचावं.)

ता. क. दुसरा. सोबत मीही येतोय. त्यांच्या पुढची वेळ माझ्यासाठी घेऊन ठेवा. डावीकडची खालची दाढ. वर्गाला जायला लागलो त्याच्याही आधीपासून ठणकतेय. त्या डॉक्टरांचा हात हलका आहे असं सासूबाई जेवताना सहज म्हणाल्या, आणि मला ताबडतोब पटलं. हिला कळू देऊ नका. आणि डॉक्टरांना आधीच बजावून ठेवा, की काम चालू असताना माझ्याशी बोलायचं नाही.